अम्मीचा सब्र

"कित्ता सब्र हाय इस औरतकू!"

२०१८ च्या ऑगस्टपासून पुढचं सारं वर्ष हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी शेवटी मीच ते पाहुण्यांना ऐकवू लागले. मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ माझं माहेर. अब्बा तंबोरे आणि सतारी बनवतात. अम्मीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा ती साठीला टेकली होती. ऑपरेशन झालं, एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने सहा केमो झाल्या, पुढे रेडिएशन. या सगळ्यात अम्मीच्या तोंडून एकही 'हाय' निघालं नाही. डोक्यावरचे केस गेले, पण डोक्यावर पदर कायमच असायचा, त्यामुळे गल्लीतल्या कुणाला ते कळलंही नाही. खाला यायच्या, फूफी यायच्या, मोहल्ल्यातल्या बायका यायच्या. अम्मी भिंतीला टेकून बसलेली असायची. "कैसे हो?" विचारलं की "अल्ला का शुकर है" एवढंच. बायका बाहेर पडताना मला म्हणायच्या, "बेटी, तेरी माँ से सीखना." मला अभिमान वाटायचा.

तो सब्र नव्हता, हे कळायला आम्हाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांबद्दल लिहायचं आहे. मी शाळेत मराठी शिकवते. धड्यातल्या पात्राच्या मनात काय चाललंय, ते लेखकाने न लिहिताही कसं ओळखायचं, हे मी मुलांना वर्षानुवर्षं समजावत आले आहे. घरातलं माणूस मात्र मला वाचता आलं नाही.

रेडिएशन २०१९ च्या मार्चमध्ये संपलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, सगळं उत्तम आहे. आता पाच वर्षं रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी आणि ठरावीक दिवसांनी तपासणी. भाईजानने पेढे वाटले. अब्बांनी दर्ग्यात चादर चढवली. मी सांगलीला माझ्या घरी परतले. इतके महिने घराची जी धावपळ चालली होती ती थांबली. डबे थांबले, गाड्या थांबल्या, पाहुणे थांबले. आमच्या दृष्टीने आजारपण संपलं होतं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की हाच काळ अनेक रुग्णांना सर्वांत जड जातो. उपचार चालू असतात तोवर माणूस पुढच्या तारखेकडे बघत चालत असतो. उपचार संपले की तो एकटाच मागे उरतो. आजूबाजूचे सगळे आनंदात असतात, आणि आपल्याला आनंद का होत नाही हे त्याला कुणाला विचारताही येत नाही.

मी दर रविवारी जायचे. अम्मी जेवत कमी होती. आम्ही म्हणालो, केमोने तोंडाची चव गेली असेल. दिवसभर पडून असायची. म्हणालो, रेडिएशनचा थकवा. बोलणं कमी झालं. म्हणालो, अशक्तपणा. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, जी घबराता, म्हणाली. त्यावर कार्डिओग्राम काढून आणला, तो व्यवस्थित होता. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण कॅन्सरचंच होतं.

त्या वर्षी ईद-उल-फित्र ५ जूनला होती. चाँदरातीला मी फोन करून विचारलं, "अम्मी, शिरखुर्म्याला दूध किती सांगू?" ज्या बाईने आयुष्यभर शिरखुर्म्याच्या पातेल्याला सुनेला हात लावू दिला नाही, खारीक कुणी नीट बारीक चिरली नाही म्हणून जी दिवसभर बोलत राहायची, ती म्हणाली, "मेरेकू कायकू पूछते? तुमे बोले सो बनाव." मी फोन ठेवला आणि भाभीला म्हटलं, "चला, अम्मीने शेवटी स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात दिलं!" आम्ही दोघी हसलो. आज ते हसणं आठवलं की घशाशी काहीतरी येतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं, आणि मी, माझे मिस्टर आणि दोन मुलं कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन मिरजेला माहेरी आलो. आणखी दोन नातेवाईक कुटुंबंही आली. घरात सतरा माणसं झाली. एरवी अम्मीला घरात माणसं हवीच असत. पुरात अडकलेल्यांसाठी तिने एव्हाना पिठाचा डबा रिकामा केला असता. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टीव्हीवर पुराच्या बातम्या चालू होत्या. मी तिच्या पायाशी बसून पाय चेपत होते. ती हळूच म्हणाली, "पानी इधर तक आता तो अच्छा होता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीनच्या सुमारास पाहिलं, तर अम्मी मुसल्ल्यावर बसलेली. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. सकाळी अब्बा पाहुण्यांना सांगत होते, "बीमारी के बाद से एक रात तहज्जुद नहीं छोड़ी उसने." सगळ्यांनी "माशाअल्ला" म्हटलं. मी मात्र दोन-तीन रात्री तिच्याकडे बघत होते. ती नमाज पढत नव्हती. हात दुआसाठी उचललेले नव्हते. नुसती बसून होती, फजरची अजान होईपर्यंत.

पुराच्या त्याच धांदलीत १२ तारखेला बकरी ईद आली. घरी कुर्बानी झाली नाही. भाईजानने ते पैसे पूरग्रस्तांच्या जेवणाला दिले. दुपारी लवंग शोधताना मी अम्मीचं पानदान उघडलं. खालच्या कप्प्यात टॅमॉक्सिफेनच्या पाच पट्ट्या होत्या, न फोडलेल्या. भाईजान दर महिन्याला न चुकता आणून देत होता. पहिल्या दोन-चार दिवसांनंतर तिने एकही गोळी घेतलेली नव्हती.

मी पट्ट्या तिच्यासमोर धरल्या. मला राग आला होता, तेही कबूल करते. "ये क्या है, अम्मी?" ती म्हणाली, "मेरे पीछे अब्बा का प्लॉट गया. कंगन गए. अब और कित्ता खर्चा करते?" आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलली.

आठवड्याभराने तिला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ते सोपं झालं नाही. "पागलों के डॉक्टर के पास?" भाईजान म्हणाला. मोहल्ल्यात कळलं तर काय? त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. त्याचं म्हणणं होतं, आधी कुणाकडून तावीज आणू, दम केलेलं पाणी देऊ. मी म्हटलं, पाणी दे, पण दवाखान्यात जाऊनही दे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना त्याने विचारलं. ते म्हणाले, "दुआ करो, और डॉक्टर के पास भी ले जाव. दवा करना भी सुन्नत है." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या त्या वाक्याने आमच्या घरातले दोन महिने वाचवले.

डॉक्टरीणबाईंनी आधी सगळे कागद पाहिले. मग रक्ततपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, कॅल्शियम. म्हणाल्या, रक्त कमी असलं, थायरॉइड मंदावलं, कॅल्शियम वाढलं किंवा दुखणं अंगावर काढलं, तरी माणूस असा गळून जातो. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेही मन वरखाली होतं. तेव्हा आधी शरीराचं बघू. मग त्या अम्मीकडे वळल्या. त्यांनी "कैसे हो?" विचारलंच नाही. विचारलं, "पिछले पंधरा दिन में कोई चीज़ अच्छी लगी? पोते के साथ बात करना, खाना, कुछ भी?" अम्मीने मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "कभी ऐसा लगता है, के सुबह आँख न खुले तो अच्छा?"

मी शेजारच्या खुर्चीवर होते. अम्मी म्हणाली, "रोज."

खोलीत पंखा चालू होता, तेवढाच आवाज. मग ती पहिल्यांदा रडली. म्हणाली, मौत माँगना गुनाह आहे, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री तीनला आपोआप डोळा उघडायचा. मुसल्ल्यावर बसायची, पण दुआ ओठांवर येत नव्हती. तिला वाटायचं, आजार ही कसल्या तरी पापाची सजा आहे, आणि आता दुआही येत नाही म्हणजे अल्लाने तिच्याकडे पाठ फिरवली. आम्ही ज्याला तहज्जुद म्हणून मिरवत होतो, ते तिच्यासाठी हे होतं.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना एकटीने विचारलं, "आम्हाला कळायला हवं होतं ना?" त्यांनी धीर दिला. म्हणाल्या, कॅन्सरच्या रुग्णात नैराश्य ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. भूक जाणं, झोप जाणं, थकवा, वजन उतरणं ही नैराश्याची लक्षणं, आणि तीच कॅन्सरचीही, तीच औषधांचीही. त्यामुळे शरीराच्या लक्षणांवरून ओळखायला गेलं तर फसायला होतं. म्हणून १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ या दोन डॉक्टरांनी दवाखान्यातल्या रुग्णांसाठी चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली केली, तेव्हा शारीरिक लक्षणं त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवली. त्यांचा भर होता आनंद घेता येतो की नाही, हसू येतं की नाही, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते की नाही, यावर. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून २०११ साली जो अंदाज निघाला, त्यानुसार कॅन्सरच्या साधारण दर सहा रुग्णांत एकाला उपचारांची गरज असलेलं नैराश्य असतं. म्हणजे केमोच्या वॉर्डात आम्ही ज्या बाकांवर बसायचो, तशा प्रत्येक बाकावर एक अम्मी असणार.

मग दु:ख आणि हा आजार यांत फरक काय? त्यांनी तो साध्या शब्दांत सांगितला. कॅन्सर कळल्यावर माणूस रडणारच, घाबरणारच. ते दु:ख लाटेसारखं येतं आणि जातं. मधे नातू आला की हसू येतं, चांगला चहा झाला की बरं वाटतं. नैराश्यात हे मधले क्षणच नाहीसे होतात. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन तसंच जड राहतं. आवडीची गोष्ट समोर आली तरी आत काही हलत नाही. शिवाय स्वत:विषयी एक वाईट मत तयार होतं. मी ओझं आहे, मी गुन्हेगार आहे, मी नसते तर बरं. या तीन गोष्टी केमोने होत नाहीत. रुग्ण तपासण्या टाळू लागला, गोळ्या चुकवू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, तर ते हट्टीपणा म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि मरणाविषयी सरळ विचारायला घाबरायचं नाही. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते.

औषध लिहिण्याआधी त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. नैराश्याच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. त्यामुळे कुणाच्या तरी चिठ्ठीवरून किंवा दुकानदाराला विचारून या गोळ्या कधीही घेऊ नयेत, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असली पाहिजेत. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, आधी झोप सुधारेल, सवय लागणार नाही, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं. दर पंधरा दिवसांनी त्या अम्मीशी बोलायच्या. आम्हाला सांगितलं, "हिम्मत रखो" म्हणणं बंद करा. ते ऐकलं की माणसाला वाटतं, हिम्मत नसल्याचं आता लपवलं पाहिजे.

हे ऐकताना मला 'सब्र' या शब्दाचाच विचार येत राहिला. आपण सब्र म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ कधीपासून धरला? सूरह यूसुफमध्ये 'सब्र-ए-जमील', सुंदर सब्र, ज्यांच्या तोंडी आहे ते याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या दु:खात रडून रडून डोळे पांढरे होईपर्यंत रडले. आपलं दु:ख आपण अल्लापुढे मांडतो, असंही त्यांनी सांगितलं. ज्या वर्षी ह. खदीजा आणि अबू तालिब गेले, त्या वर्षाला आपल्या इतिहासाने 'आम-उल-हुज्न', दु:खाचं वर्ष असंच नाव दिलं. पैगंबरांच्या आयुष्यातल्या दु:खाला नाव आहे, मग आमच्या अम्मीच्या दु:खाला आम्ही इमानाचा कमकुवतपणा का समजलो?

वाचता वाचता मला अबू झैद अल-बल्खी हे नाव भेटलं. नवव्या शतकात बल्ख इथे जन्मलेल्या आणि इ. स. ९३४ मध्ये वारलेल्या या विद्वानाने 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या नावाचा ग्रंथ लिहिला. शरीरांचं आणि मनांचं हित, असा त्या नावाचा अर्थ. शरीर आजारी पडतं तसं मनही आजारी पडतं, आणि मनाचे आजार शरीराइतकेच, किंबहुना जास्त वेळा गाठतात, असं त्याने मांडलं. कारण माहीत असलेलं दु:ख आणि कारण सापडत नाही असं दु:ख, यांत त्याने फरक केला. अकराशे वर्षांपूर्वी आपल्याच एका माणसाने हे लिहून ठेवलं होतं. आणि आम्ही २०१९ साली मोहल्ल्यात कळलं तर काय, म्हणून अडून बसलो होतो.

अब्बांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. कानस बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दूसरे कमरे में तार ज़रा बी उतरी तो मेरेकू मालूम पडता. ये बाजू में सोती थी." त्या दिवसानंतर रात्री तीनला अब्बाही उठून तिच्याशेजारी बसू लागले. काही बोलायचे नाहीत. हा उपचारही कमी नव्हता.

१० सप्टेंबरला मोहरमची दहावी होती. आमच्याकडे मोहरमला चोंगे होतात. गुळाच्या पाण्यात मळलेली कणीक नक्षीच्या पाटावर लाटायची. भाभीने आणि मी केले. एक चोंगा बशीत घालून अम्मीपुढे ठेवला, ती नेहमीप्रमाणे बाजूला सारणार हे धरूनच. तिने तुकडा मोडला, खाल्ला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाली, "गुड कम पड्या. और कणीक बी सख्त मळे तुमे."

भाभी माझ्याकडे बघत राहिली. गेल्या सहा-सात महिन्यांत अम्मीने केलेली ती पहिली तक्रार होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. अम्मी परत येते आहे, हे मला कुठल्याही रिपोर्टआधी त्या तक्रारीने सांगितलं.

पुढे ती हळूहळू आली. मधे एकदा घसरली, औषध बदलावं लागलं. पण टॅमॉक्सिफेनची गोळी रोज घेऊ लागली, तीही स्वत: मागून. केस आले. पुढच्या ईदला, २०२० च्या टाळेबंदीत, दूध मिळत नाही म्हणून तिने भाईजानला दोनदा माघारी पाठवलं.

२०२२ मध्ये कॅन्सर हाडांत परत आला. पाच महिने गोळ्या न घेतल्याने तसं झालं का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. असं एका रुग्णाबाबत खात्रीने सांगता येत नाही, म्हणाले. तो प्रश्न माझ्याबरोबर राहणार आहे. शेवटच्या महिन्यांत अम्मी रडली, चिडली, मला जवळ घेऊन बसली, अब्बांच्या जेवणाचं काय होणार म्हणून भाभीला याद्या लिहून दिल्या. तिला मरायचं नव्हतं. ते दु:ख होतं, खरं आणि पुरेपूर. पण तो आजार नव्हता. दोन्ही जवळून पाहिल्यामुळे आता मला फरक कळतो. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसले होते. ती म्हणाली, "अब दुआ आती है."

हे लिहिण्याआधी मी अब्बांना विचारलं, घरातली गोष्ट बाहेर सांगू का? ते म्हणाले, "लिख. किसी की अम्मी बची तो बची."

म्हणून सांगते. तुमच्या घरात कुणी 'बडी बीमारी'शी झगडत असेल आणि फार शहाण्यासारखं वागत असेल, काही मागत नसेल, कशालाच नाही म्हणत नसेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी जवळ बसा. काय आवडलं ते विचारा, झोप कितीला उघडते ते विचारा. जगावंसं वाटतं का, हेही विचारा. उत्तर ऐकून घाबरू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांना ते उत्तर जसंच्या तसं सांगा. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

अजूनही कुणी आजारी बाईबद्दल म्हटलं, "कित्ता सब्र हाय इसकू," की मी तिच्या घरी जाऊन येते. आणि तिने चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, की निश्चिंत मनाने परत येते.